दिवा आधी लागतो

१

कान तपासायच्या खोलीचं जाड दार लागलं की माणसाला पहिल्यांदा ऐकू येतो तो स्वतःचा श्वास. बाहेर रस्त्यावर ट्रक गुरगुरत असोत की व्हरांड्यात पोरं भोकाड पसरून बसलेली असोत, आत काही म्हणता काही येत नाही. भिंतींना करड्या फोमचे चौकोन, खाली गालिचा, एक खुर्ची, खुंटीला हेडफोन आणि वायरला लोंबणारं एक बटण. एका भिंतीत दुहेरी काच. काचेच्या अलीकडे टेबल, टेबलावर यंत्र, आणि यंत्रापाशी ताई.

दवाखान्यात तिला सगळेच ताई म्हणत. डॉक्टर म्हणत, काउंटरवरची रेडिओ म्हणे, वयानं कितीतरी मोठे पेशंटही म्हणत. रेडिओ हे काउंटरवरच्या बाईला पडलेलं नाव. ती सकाळी आली की सुरू व्हायची आणि संध्याकाळी घरी जाईपर्यंत तिला बंद करायची सोय नव्हती. बहिऱ्यांच्या दवाखान्याला याहून योग्य माणूस मिळालं नसतं, असं ताई म्हणे.

ताईचं काम सांगायला सोपं. पेशंटला आत बसवायचं, कानाला हेडफोन लावायचे, हातात बटण द्यायचं आणि बजावायचं, "बारीक शिट्टीसारखा आवाज येईल. ऐकू आला की बटण दाबा. नाही आला तर नका दाबू. अंदाजपंचे काम नको." मग बाहेर येऊन यंत्रावरची कळ दाबायची. कळ दाबली की आत आवाज जातो आणि यंत्रावर पिवळा दिवा लागतो. पेशंटनं ऐकून बटण दाबलं की शेजारचा हिरवा दिवा लागतो. आधी पिवळा, मागून हिरवा. आवाज बारीक करत जायचं. हिरवा लागायचा थांबला की त्या कानाची हद्द कळली.

यात एकच मेख असते. आवाज देणाऱ्याला लय लागता कामा नये. माणूस जात्याच ताल धरणारा. ठरावीक अंतरानं आवाज दिले की तो कानानं नाही, अंदाजानं दाबायला लागतो, आणि मग ठार बहिरासुद्धा कागदावर तिखट कानाचा ठरतो. नवखे हमखास इथंच आपटतात. ताई आपटत नसे. लागोपाठ दोन आवाज, मग इतकी सामसूम की आतल्याला वाटावं ही बया चहाला गेली, मग अचानक एक. हात दिसू नयेत म्हणून पेशंटची खुर्ची काचेला आडवी. "माझा पुढचा आवाज कधी येणार, हे ब्रह्मदेवाच्या बापालाही कळायचं नाही," असं ती शिकायला येणाऱ्या पोरींना सांगायची, आणि सांगताना तिची मान जराशी ताठ व्हायची.

त्या आठवड्यात तर ती आणखीच ताठ होती. हेच काम शिकवायची नोकरी तिला दुसऱ्या गावी चालून आली होती. आईनं धाकट्या भावाकडे राहायला जायचं, इथलं घर बंद करायचं, असं बोलणं झालं होतं. "ताई, तू मोकळी आहेस," भाऊ फोनवर म्हणाला होता, "तू ठरवशील ते. मी रविवारी येतो, तेव्हा काय ते एकदाच सांग. जाणार असलीस तर आईला घेऊनच निघतो." आईची बॅग कपाटासमोर अर्धी भरून उघडी पडली होती. सांगायचं तेवढं बाकी होतं. मनानं ताई केव्हाच गेली होती.

२

जज्जसाहेब आले ते सुनेबरोबर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेले, पण शर्टाची इस्त्री अजून नोकरीत होती. सून बोलकी निघाली.

"टीव्ही इतका मोठा लावतात की शेजाऱ्यांना वेगळा लावावाच लागत नाही," ती म्हणाली. "आणि गंमत बघा हं, मी हाक मारली की 'ओ' मात्र लगेच देतात. कधीकधी तर मारायच्या आधीच."

ताई हसली. सोयीचं तेवढं ऐकू येणारे म्हातारे तिनं ढिगानं पाहिले होते.

त्यांना आत बसवून, बजावून, दार लोटून ती यंत्रापाशी आली. पहिले आवाज चांगले मोठे दिले. दिवे लागले. ती आवाज खाली आणत गेली. दिवे लागतच राहिले. कान चांगला दिसतोय की, असं तिच्या मनात आलं आणि त्याच वेळी काहीतरी खटकलं. गाण्यात एखादा सूर हलावा आणि कुठला ते लगेच सांगता येऊ नये, तसं झालं.

तिनं पुन्हा कळ दाबली, या खेपेला दिव्यांवर डोळा ठेवून. हिरवा लागला. मग पिवळा लागला.

"लय लागली वाटतं मला," ती स्वतःशी पुटपुटली. घरच्या विचारात हात यंत्रवत चालला असणार. तिला राग आला, तो स्वतःचाच. तिनं हात मागे घेतला, बराच वेळ नुसती बसली, खिडकीबाहेर कोण जातंय ते पाहिलं. हिरवा दिवा गप्प होता. मग काही न ठरवता, अगदी लहर आली म्हणून, तिनं बोट कळेकडे नेलं. बोट वाटेत असतानाच हिरवा लागला.

काचेपलीकडे जज्जसाहेब आडवे बसलेले. डोळे मिटलेले. अंगठा बटणावर.

तिनं आवाज पार तळाला नेला, जिथं मांजरालाही काही कळू नये. आधी हिरवा, मग पिवळा. तिनं यंत्राच्या मागचा हेडफोनचा प्लगच उपसून काढला. आता आत काहीच जात नव्हतं. ती थांबली. एक आवाज दिला, लगेच दुसरा, मग लांबण लावून तिसरा. तिन्ही वेळा हिरवा पुढे, पिवळा मागे.

एकदा तिनं बोट कळेपर्यंत नेऊन फसवून मागे घेतलं. तेव्हा मात्र हिरवा लागला नाही. म्हातारा फसला नव्हता.

ती आत गेली. हेडफोन काढून त्यांच्या तोंडासमोर तोंड धरून विचारलं, "आवाज ऐकू आले का?"

"नाही," जज्जसाहेब म्हणाले. "सुरुवातीला दोन-चार आले असतील. मग नाही."

"मग बटण का दाबत होता? मी काय सांगितलं होतं?"

शाळेत पकडल्या गेलेल्या मुलासारखा त्यांचा चेहरा झाला. "तुम्ही दाबणार असं यायचं मला."

"यायचं म्हणजे?"

त्यांनी विचार केला. साक्षीदाराची उलटतपासणी जन्मभर ऐकलेला माणूस, शब्द नीट निवडणारा. "शिंक येणार हे आधी कळतं ना आपल्याला? तसं. फक्त शिंक तुमची."

ताईनं कागदावर 'पुन्हा तपासणी' असं लिहिलं आणि त्यांना परवा यायला सांगितलं.

३

कानाच्या दवाखान्यात काम करणारीची आई बहिरी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मशीन लाव म्हटलं की आई म्हणे, "त्यात माणसं कमी आणि नळ जास्त ऐकू येतो." म्हणून ताई घरी आली की आईच्या कानाशी वाकून, आवाज चढवून बोलायची. शेजाऱ्यांना वाटायचं या मायलेकी रोज भांडतात.

त्या संध्याकाळीही ती वाकली. "आज काय काय भरलंस बॅगेत?"

"स्वेटर ठेवला. परत काढला. परत ठेवला," आई म्हणाली. "तुझं नक्की झालं की एकदाच भरते. म्हातारीला खालीवर कशाला करायला लावतेस?"

"झालंय नक्की. रविवारी सांगणार आहे."

"तू ठरवशील ते. मी कधी तुला थांब म्हटलंय का?"

नव्हतं म्हटलं. हे खरं होतं आणि ताईला त्याचा अभिमान होता. फार पूर्वी वडील अंथरुणाला खिळले तेव्हा तिचं एका माणसाशी लग्न ठरल्यातच जमा होतं. त्याला परगावी बदली मिळाली. चल म्हणाला. वडील म्हणाले जा, आई म्हणाली जा, भाऊ तेव्हा शाळेत होता, तोही म्हणाला जा. ती राहिली. त्यानं वाट पाहिली, जेवढी माणसं पाहतात तेवढी, आणि मग दुसरीकडे लग्न केलं. नातेवाईक हळहळले की ताई हटकून म्हणायची, "मला कुणी अडवलं नाही. मी माझ्या मनानं थांबले." या एका वाक्याच्या टेकूवर तिनं पुढचं सगळं आयुष्य उभं केलं होतं. दुसऱ्यांनी लादलेलं दुःख सोसता आलं नसतं तिला. स्वतः निवडलेलं होतं म्हणून सोसलं.

आणि आता तेवढ्याच मोकळ्या मनानं ती जाणार होती.

भांडी विसळताना तिला म्हाताऱ्याचा मिटल्या डोळ्यांचा चेहरा आठवत राहिला. काचेत प्रतिबिंब दिसत असेल. टेबल हलत असेल, जमिनीतून कंप जात असेल. बहिरी माणसं अंगानं ऐकतात, हे तिला माहीत होतं. असेल काहीतरी. तिनं डावीकडची बशी उचलायची ठरवली आणि मुद्दाम उजवीकडची उचलली. मग मनात आलं, मुद्दाम उजवीकडची उचलणार हे तरी आधी ठरलं नव्हतं कशावरून? ती स्वतःवरच हसली आणि नळ बंद केला.

४

दुसऱ्या दिवशी यंत्र दुरुस्त करणारा आला. त्यानं झाकण उघडलं, आत फुंकर मारली, वायरी हलवून पाहिल्या.

"हिरवा दिवा पेशंटच्या बटणावर, पिवळा तुमच्या कळेवर," तो म्हणाला. "एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही, ताई. यात बिघडायला काही आहेच कुठं?"

ताईनं स्वतः पेशंटच्या खुर्चीत बसून पाहिलं. तिथून टेबल दिसत नव्हतं, हात दिसत नव्हता, काचेत फोमच्या चौकोनांखेरीज काही नव्हतं. तरीही तिनं काचेवर आतून एक चादर लावून घेतली. दिवसभरात चार-पाच पेशंट झाले. सगळ्यांचे दिवे शहाण्यासारखे मागून लागले. तिचा जीव भांड्यात पडला.

परवाचा दिवस उजाडला. जज्जसाहेब आले. दाढी नीट झाली नव्हती आणि शर्टाचं एक बटण चुकलं होतं. सुनेला त्यांनी बाहेरच बसवलं.

"तपासणीच्या आधी बोलायचंय," ते म्हणाले. आपला आवाज किती मोठा आहे याचा त्यांना अंदाज नव्हता. बंद खोलीत तो भिंतींनी जागच्या जागी गिळला. "बाई, मी जन्मभर एकच प्रश्न विचारला. पिंजऱ्यातल्या माणसाला. हे तू स्वतःहून केलंस का? काहीजण म्हणायचे, साहेब, हातून झालं. मी म्हणायचो, हात कुणाचा?"

ते हातातल्या बटणाकडे पाहत होते.

"परवापासून मला झोप नाही. तुमचा हात येतोय हे मला तुमच्या आधी कळत होतं. तुम्हाला नव्हतं कळत. बरोबर ना? तुम्हाला मागाहून कळत होतं, आणि तुम्ही समजत होता की आत्ता ठरवलं."

"साहेब, तुम्ही अंदाज करताय," ताई त्यांच्या कानाशी मोठ्यानं म्हणाली. "काही लोकांना जमतं ते."

"तसं असेल तर फार बरं होईल," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "मी शिक्षा दिल्यात हो लोकांना. तुम्ही मला चुकवून दाखवा. एकदाच चुकवा."

ती बाहेर आली. दार लोटलं. चादरीमुळे काचेपलीकडे काही दिसत नव्हतं. तिनं ठरवलं ते असं: हिरवा लागला की आपण कळ दाबायचीच नाही. बस्स, इतकं सोपं. कळ दाबायची की नाही हे तर शेवटी आपल्या हातात आहे.

ती बसली. उजवा हात मांडीवर पालथा ठेवला. कळ दाबायचा विचार येऊ दिला, जाऊ दिला. बाहेर रेडिओ कुणाला तरी चष्म्याच्या दुकानाचा पत्ता सांगत होती, तो निम्म्या गावाचा इतिहास घेऊन चालला होता. यंत्राचा बारीक गुंजारव चालू होता.

हिरवा लागला.

ताई हलली नाही. मांडीवरचा हात तिनं बोटं पसरून घट्ट दाबून धरला. हिरवा लागून विझला. तिनं श्वास रोखून वाट पाहिली आणि मग सोडला. चुकला. म्हातारा चुकला! आत जाऊन त्याला मिठी मारावी, इतकी ती हलकी झाली. ती मोठ्यानं हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा.

मग तिचं लक्ष यंत्राकडे गेलं. पिवळा दिवा लागलेला होता.

तिनं मांडीकडे पाहिलं. उजवा हात तिथंच होता, पसरलेला, शिरा ताणलेल्या. कळेवर डावा होता. कोपर टेबलावर ऐसपैस टेकलेलं, तर्जनी कळेवर पूर्ण दाबलेली, जणू सकाळपासून तिथंच आहे. तो कधी उचलला, कधी नेला, तिला आठवेना. तिनं बोट काढायचं ठरवलं. बोट लगेच निघालं. मोठं गुणाचं बोट.

ती उठून आत गेली. दार उघडल्यावर जज्जसाहेबांनी मान वर केली आणि तिचा चेहरा पाहिला. हेडफोन स्वतःच काढून खुंटीला लावले, आणि चुकलेलं बटण चाचपत सुनेकडे गेले.

५

ताईच्या जागी दुसरं कुणी असतं तर घरी गेलं असतं. पण ताईला लहानपणापासून खोड, उंबरठ्यावर साप दिसला तर शेपूट कुठवर आहे ते बघायचं.

दुपारी पेशंट नव्हते. तिनं काचेवरची चादर काढली आणि रेडिओला हाक मारली. "जरा माझे कान तपास. इथं बसायचं आणि ही कळ दाबायची. मनाला येईल तेव्हा."

"मनाला येईल तेव्हा?" रेडिओ खुर्चीत धपकन बसली. "मग काय, दिवसभर दाबत बसते. आमच्या मनाला दुसरं काम काय?"

"आवाज मोठाच ठेव."

ताई आत गेली आणि जन्मात पहिल्यांदा तिनं खुर्ची काचेकडे तोंड करून ठेवली. दार लागलं. हेडफोन चढवले. आपला श्वास, आणि त्याच्या खाली कानातल्या रक्ताची सळसळ. काचेपलीकडे रेडिओ दिसत होती. बाहेरच्या खोलीच्या दारात औषध कंपनीचा माणूस येऊन उभा राहिला होता. रेडिओनं त्याच्याकडे तोंड वळवलं, यंत्राकडे पाठ केली आणि हातवारे करत काहीतरी सुरू केलं. आता ही कसली कळ दाबते, असं ताईच्या मनात आलं.

आणि मग ते आलं.

जज्जसाहेबांनी बरोबर सांगितलं होतं. शिंकेसारखंच, फक्त अंगात नाही, अंगाच्या जरा बाहेर. ताईचा अंगठा बटणावर दाबला गेला. काचेपलीकडे रेडिओचा हात, पाठीमागून, तिच्या नकळत टेबलावर सरकला, कळेपाशी आला, आणि त्यानं कळ दाबली. कानात शिट्टी वाजली. रेडिओ औषधवाल्याशी हसत होती. तिनं मागे पाहिलंही नव्हतं.

पुन्हा आलं. अंगठा, मग हात, मग शिट्टी. पुन्हा. कधी लागोपाठ, कधी लांबण लावून. नवशिकी असून रेडिओला लय अजिबात लागत नव्हती. ताईनं स्वतः दिले असते तसेच आवाज. तो हात ओट्यावरून फडकं फिरवावं इतक्या सहज जात-येत होता, आणि वर बाई गप्पा मारत होती.

ताईला वाटलं होतं आपण घाबरू. पण आत फार शांत होतं. काही करायचं नव्हतं, काही ठरवायचं नव्हतं. येत होतं ते येऊ द्यायचं.

मग एक आलं ते शिट्टीचं नव्हतं.

त्याचा रेडिओशी संबंध नव्हता. ते स्वतः ताईचं होतं. आईची खोली, कपाटासमोरची बॅग, आणि तिच्याच आवाजात दोन शब्द. थांबते मी. अजून न उच्चारलेले, पण रेडिओच्या हाताइतकेच पक्के.

ताईनं हेडफोन ओढून काढले. खुर्ची पडली. दोन्ही हातांनी दार ढकलून ती बाहेर आली तेव्हा रेडिओ दचकून उठली.

"अगं, बाहेर का आलीस? मी अजून सुरूच नाही केलं! हा औषधवाला सोडेल तर ना."

औषधवाला कसनुसा हसला. पिवळा दिवा नुकताच विझत होता.

६

डॉक्टरांना डोकं दुखतंय सांगून ताई भर दुपारी निघाली. रस्त्यावर ऊन होतं, दुकानं निम्मी बंद. ती भराभर चालत होती, आणि चालता चालता मनाशी हिशेब मांडत होती. भाऊ येणार रविवारी. सांगायचं रविवारी. जे काही आलं ते रविवारचं असणार. आज कुठं रविवार आहे? आजच सांगून टाकायचं. आत्ता, या पावली, आईला सांगायचं आणि तिथूनच भावाला फोन लावायचा. एकदा तोंडातून शब्द गेला की गेला, मग कुणाचा बाप तो परत आणणार? भिंत पडायच्या आत खालून पळून जाणाऱ्या माणसासारखी ती चालत होती. "जाते मी, जाते मी," असं ती प्रत्येक पावलाला म्हणत होती, आणि वाटेतली एक बाई तिच्याकडे वळून पाहत राहिली.

तिला जायचं होतं. आयुष्यात तिला कुठलीच गोष्ट इतकी हवी झाली नव्हती. ती नोकरी, तो वर्ग, समोर बसलेल्या अनोळखी पोरी, संध्याकाळी कुलूप उघडून आपल्याच खोलीत शिरणं. हे जर गेलं तर पुन्हा येणार नव्हतं. तेवढं वय आता उरलं नव्हतं. रडू फुटेल की काय असं वाटून तिनं ओठ दाबून धरले.

दार तिनं आपल्या किल्लीनं उघडलं. आई खिडकीपाशी पाठमोरी बसली होती, काहीतरी शिवत. तिला दाराचा आवाज जाणं शक्य नव्हतं. बॅग कपाटासमोर तशीच उघडी. स्वेटर आत होता. या वेळी आत होता.

ताई मागून गेली. खांद्यावर हात ठेवला, वाकली, आईच्या कानाशी तोंड नेलं आणि छाती भरून श्वास घेतला.

"ओरडू नकोस गं एवढी," आई म्हणाली. "ऐकलं मी."

ताई तशीच थांबली. श्वास आत घेतलेला, तोंड उघडं.

आईनं सुई टोचून ठेवली, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि कपाटाकडे गेली. बॅगेतला स्वेटर काढला. झटकला, घडी घातली, वरच्या कप्प्यात ठेवला. मग गाऊन काढला. तिच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी ऊन पडल्यासारखं झालं होतं.

"मी आपलं जा म्हणत होते हो," ती पाठमोरीच बोलत राहिली. "आताही म्हणते. पण तुझ्या मनानं ठरवलंस ना? मग झालं. मी काही तुला थांब म्हटलं नाही."

अजून काही गेलेलं नाही, ताईनं स्वतःला बजावलं. म्हातारीला भास झाला. तोंडातून शब्द निघालेला नाही, तोवर सगळं माझ्या हातात आहे. शब्द तयार होते. जाते मी. तिनं ते जिभेच्या टोकावर आणून ठेवले, दातांमागे, एकही अक्षर इकडचं तिकडे होऊ न देता. आणि आई वळून बघेपर्यंत वाट पाहिली, म्हणजे ओठांवरून तरी तिला नीट कळावं.

आई वळली. हातात घडी केलेली ओढणी. मनगट किती बारीक झालं होतं तिचं.

"थांबते मी, आई," ताई म्हणाली.

आवाज तिचाच होता. कापरा नव्हता, ओढून आणलेला नव्हता. कुणी गळा धरला नव्हता की जीभ वळवली नव्हती. ताई हादरली ती त्यानं नाही. ते शब्द तिला खोटे वाटले नाहीत, यानं हादरली. त्या मनगटाकडे बघताना तिला खरोखरच थांबायचं होतं. आत्ताच, दारातून, जायला आसुसलेली कुणी बाई आत शिरली होती. ताईनं तिला आपल्यात शोधून पाहिलं, सगळीकडे पाहिलं, आणि ती कुठं सापडेना. होती ती मायेनं भरून आलेली, शांत, आपल्या मनानं ठरवणारी एक मुलगी. हिला ती ओळखत होती. वडील आजारी असताना, फाटकापाशी उभ्या त्या माणसाला नाही म्हणताना अगदी असंच वाटलं होतं. इतकंच मोकळं.

"बघ बाई," आई म्हणाली. "मागून म्हणशील माझ्यामुळे राहिलीस."

"नाही म्हणणार," ताई म्हणाली. आणि हे वाक्यही तिला किंचित आधी ऐकू आलं.

आई पुन्हा बॅगेकडे वाकली. वाकताना तिची कंबर दुखत असणार. ताईला कुणी सांगितलं नाही, कुणी हाक मारली नाही. ती पुढे झाली, बॅगेतले उरलेले कपडे एकेक करून काढले आणि कपाटात लावत राहिली.